माणिकबाईंचे गुडघे

दहिसर,
२१ एप्रिल २०२५

ती. सौ. रत्नावहिनीस,
कमलचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहोत. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तुमच्याकडे फोन दादा उचलतो, उचलल्या उचलल्या स्पीकरवर टाकतो आणि तुझ्या वतीने उत्तरंही तोच देतो. लग्न होऊन मी दहिसरला आले तेव्हापासून मनातलं जे काही असेल ते आपण पोस्टानेच पाठवलंय, तेच बरं.

विषय माझ्या उजव्या गुडघ्याचा. गेल्या गौरीला काय झालं ते तू विसरली नसशील. हातात गौर घेऊन मी तुमच्या जिन्यात दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबले, ती थांबलेच. शेवटी तुझ्या देवेशने एका बाजूने धरून मला अर्धीअधिक उचलूनच वर आणलं. सगळे हसले, मीही हसले. पण उंबरठ्यावर तू माझे पाय धूत होतीस तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आई गेल्यावरही हे घर मला परकं झालं नाही, ते तुझ्यामुळे. मी गौर घेऊन यायचं, तू पाय धुवायचे, कुंकू लावायचं आणि मग मी आत यायचं. एवढंच तर माझं माहेर उरलंय गं. तिथे मला कुणीतरी उचलून आणून ठेवायला नको आहे. यंदा तो जिना मला माझ्या पायांनी चढायचाय.

म्हणून आमची लेक श्रुतिका मला बोरिवलीला एका हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी एक्स-रे काढला आणि गुडघ्यातली गादी झिजलीय, पण संपलेली नाही, असं सांगितलं. औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला जन्मभर उभी राहिले, त्याचं हे बक्षीस. आता ते पीआरपी म्हणून एक इंजेक्शन सुचवतायत. माझ्याच दंडातलं रक्त काढायचं, यंत्रात गरागरा फिरवायचं, ताक घुसळल्यावर लोणी वर यावं तसा त्यातला कामाचा भाग वेगळा करायचा आणि तो गुडघ्यात टोचायचा. काहींना गुण येतो, काहींना अजिबात येत नाही, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. म्हणून तर मला तो माणूस पटला. आमच्याकडचे म्हणतात, तुझं रक्त मुळातच तापट, आणखी फिरवलं तर डॉक्टर पळून जाईल.

तू काय म्हणतेस ते लवकर कळव. दादाला नमस्कार, देवेश आणि सूनबाई निधीला आशीर्वाद. आजवर केलीस तशीच माया करत राहा.

तुझी,
कमल


मुलुंड,
२ मे २०२५

चि. सौ. कमल हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं आणि तुझ्या दादाने ते माझ्या आधी वाचायचा प्रयत्न केला. चष्मा मी लपवून ठेवला होता म्हणून वाचले.

आपलंच रक्त आपल्यालाच परत द्यायचं तर मुळात काढायचं कशाला, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही. पण श्रुतिकाने चौकशी केली असेल तर माझी ना नाही. फक्त घाई करू नकोस. सोबत निगडीचा, म्हणजे निरगुडीचा, पाला पाठवतेय. माझ्या माहेरच्या परसातला आहे. भाऊ गेल्यापासून घराला कुलूपच आहे, पण कुलपाला काय कळतंय, निगडी आपली वाढतेच आहे. आंब्यांच्या टेम्पोवाल्याने येता येता तोडून आणला. पाण्यात उकळून शेक घे.

आता गोड बातमी. निधीला दिवस गेलेत, चौथा चालू आहे. तुझा दादा आजोबा होणार म्हणून सोसायटीभर सांगत सुटलाय. निधी बिचारी लाजून गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची बंद झाली.

माझं विचारशील तर माझे गुडघे मजेत. कुरकुरतात थोडे, पण या वयात कोण कुरकुरत नाही? तुझा दादा तर दिवसभर कुरकुरतो. देवेशने देव्हारा भिंतीवर उंच बसवून दिला, त्यामुळे पूजा आता उभ्यानेच होते. विळी माळ्यावर गेली, ओट्याशी उभी राहून सुरीने चिरते. तुझी वहिनी एकदम मॉडर्न झालीय.

इंजेक्शन घेतलंस की सगळं नीट लिही. जिवाला जप, आमच्यावरचा लोभ वाढता ठेव.

तुझी,
रत्नावहिनी


दहिसर,
२६ मे २०२५

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

झालं एकदाचं. दुखण्याच्या गोळ्या त्यांनी आठवडाभर आधीच बंद करायला लावल्या होत्या. त्या गोळ्यांनी म्हणे रक्तातला तो कामाचा भागच सुस्तावतो. इतकी वर्षं पर्समध्ये लिमलेटसारख्या बाळगलेल्या गोळ्या, त्या श्रुतिकाने काढून घेतल्या तेव्हा मला चोर पकडल्यासारखं वाटलं.

इंजेक्शनचं म्हणशील तर रक्त काढलं, मी बाहेर बाकावर बसले, आत यंत्र घरघरत होतं. मग एका नळीत पिवळसर पाणी दाखवलं, हे तुमचंच म्हणाले. मला उगाच त्याचं कौतुक वाटलं. टोचताना गुडघ्यात कुणी हवा भरतंय असं वाटलं. ओरडले नाही, पण तुझं नाव घेतलं. नर्सने विचारलं, वहिनी कोण, तर मी सांगितलं की आईनंतरची आई.

खरी मजा पुढे. पहिले काही दिवस दुखणं वाढतं, सूज येते, बर्फ लावा आणि त्यांनी दिलेल्या साध्या गोळीशिवाय दुसरं काही घेऊ नका, असं बजावलं होतं. पण दुसऱ्या दिवशी गुडघा पपईएवढा झाला आणि माझा धीर सुटला. श्रुतिका कामाला गेल्यावर तुझा निगडीचा पाला उकळला आणि दिला कडकडीत शेक. संध्याकाळी पाय उचलवेना. श्रुतिका आली आणि अशी काही तापली की शेजारचे दार उघडून बघायला लागले. डॉक्टरांनी फोनवर शांतपणे सांगितलं, मावशी, आता फक्त बर्फ. दोष तुझ्या पाल्याचा नाही गं, माझ्या घाईचा. तू सांगितलं होतंसच, घाई करू नकोस.

आता सूज उतरलीय. पाय सरळ ठेवून उचलायचा व्यायाम दिलाय, तो बातम्या बघत करते. गुण यायला महिने लागतात म्हणे. निधीला जप, तिला जड उचलू देऊ नकोस. आठवण ठेवतेस तेवढी पुरेशी आहे, कमी मात्र करू नकोस.

तुझी,
कमल


मुलुंड,
१४ जून २०२५

चि. सौ. कमल हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग काळजी वाटली. पाला पाठवण्याआधी विचारायला हवं होतं मी. उरलेला आता तुझ्या दादाच्या पाठीला लाव, माणूस दहिसरला पाठवून देते.

एक काम आहे. आमच्या शेजारी माणिकबाई म्हणून राहायला आल्यात, तू ओळखत नाहीस. माझ्याच वयाच्या. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. चालताना पाय बाहेरच्या बाजूला कमानीसारखे वाकतात आणि जमिनीवर बसल्या की उठवायला माणूस लागतं. बिचारी घरात कुणाला सांगत नाही. सून पोटुशी, तिला कशाला त्रास, म्हणते. तर त्यांच्यासाठी विचारते. तुझं ते इंजेक्शन कितपत झिजेपर्यंत देतात? दोन्ही गुडघ्यांत एकाच वेळी देतात का? हाडाला हाड घासत असेल तरी चालतं का? डॉक्टर ओरडतो का? पत्ता आणि वेळही लिही. बाई भित्र्या आहेत, सगळं आधी कळलं तर जातील.

बाकी ठीक. बाजारहाट हल्ली तुझा दादाच करतो. कोथिंबीर म्हणून मेथी आणतो, पण उत्साह दांडगा आहे. तुझा पाय कसा आहे ते सविस्तर लिही आणि अशीच आपली म्हणत जा.

तुझी,
रत्नावहिनी


दहिसर,
१२ जुलै २०२५

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

वहिनी, फरक पडतोय! जादू वगैरे नाही झालेली. ढग भरून आले की अजून ठणकतो, आणि हे किती टिकेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. पण गेल्या आठवड्यात न्हाणीघरातल्या स्टुलावरून मी कशालाही न धरता उठले. उठल्यावर लक्षात आलं, मग पुन्हा बसून पुन्हा उठले. आमच्याकडच्यांना बोलावून दाखवलं, तर ते म्हणाले, आता सर्कशीत नाव घालूया. रोज लिफ्ट सोडून थोडा जिना चढते. वॉचमनला वाटतं लिफ्ट बंद आहे, तो दोनदा तक्रार करून आला.

माणिकबाईंचं डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, फोटो बघितल्याशिवाय काही बोलणार नाही. पण पाय वाकलेत आणि हाडाला हाड लागतंय म्हणजे या इंजेक्शनचा बहुतेक उपयोग नाही. उगाच टोचत नाही, सरळ सांगतो, म्हणाले. अशांना गुडघा बदलायचं ऑपरेशनच लागतं. पण बाईंना एकदा दाखवायला सांग, भिऊन घरात बसून काय होणार? पत्ता मागे लिहिलाय. आणि त्यांना माझ्या वतीने सांग, घरच्यांपासून लपवू नका. सुनेला सांगितलं तर ती काही मोडून पडणार नाही.

यंदा गौर ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी येतेय. तेरड्याची रोपं श्रुतिका मनोरीहून आणणार आहे, तिची मैत्रीण राहते तिथे. पाट आणि तांब्या काढून ठेव. मी पाय आधीच असे घासून येणार आहे की तुला धुवायला काही शिल्लक राहणार नाही. माझ्या वाटेकडे डोळे लावून बसलीयस ना? तशीच बस.

तुझी,
कमल


मुलुंड,
५ ऑगस्ट २०२५

चि. सौ. कमल हिस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. तुझ्या पायाला आराम पडला हे वाचून बरं वाटलं.

यंदा गणपतीत आम्ही फार काही करत नाही. निधीला आठवा लागेल, डॉक्टरांनी दगदग नको म्हणून सांगितलंय. गौर साधेपणाने घरातल्या घरात करू. कुणाला बोलवत नाही. तूही एवढ्या लांबून जिना चढायला येऊ नकोस, आताच कुठे पाय बरा होतोय. तुझ्या घरी काय असेल ते कर.

रागावू नकोस. सर्वांना आशीर्वाद.

रत्नावहिनी


दहिसर,
१२ ऑगस्ट २०२५

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पत्राखाली तू नुसतं ‘रत्नावहिनी’ लिहिलंयस, ‘तुझी’ लिहायचं राहून गेलं. आजपर्यंत असं कधी झालं नव्हतं.

निधीच्या तब्येतीचं मला कळत नाही का? मी काय तिला पुरणपोळ्या लाटायला लावणार होते? स्वयंपाक मी इथून करून आणला असता. लोक नकोत तर लोक नकोत. पण वहिनी, मी लोक झाले का? माझ्या हातून काही चुकलं का? माणिकबाईंबद्दल काही लागेल असं बोलले का? दादाला फोन केला तर तो, ज्याला कधी शब्द कमी पडत नाहीत तो, तुझं तूच तिला विचार म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

मी हे इंजेक्शन कशासाठी घेतलं ते तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. बाजारात जायला घेतलं नव्हतं. तुझ्या दाराशी नीट उभं राहता यावं म्हणून घेतलं होतं. आता जिना चढायला पाय आहेत आणि दार नाही. मला फार वाईट वाटलंय आणि ते लपवून लिहायला मला येत नाही.

राग नाही. पण जी काही माया उरली असेल, तिला स्मरून खरं काय ते लिही.

कमल


मुलुंड,
१९ ऑगस्ट २०२५

चि. कमू,

मी पत्र लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे. हे कसंबसं लिहितोय. तुझी वहिनी झोपलीय.

पहिली गोष्ट म्हणजे आमच्या बिल्डिंगमध्ये माणिकबाई नावाची कोणी बाई राहत नाही.

तुझ्या त्या डॉक्टरकडे मी तिला जुलैत घेऊन गेलो होतो. टॅक्सीत ती खूश होती, कमलला गुण आला तर मलाही येईल, म्हणत होती. डॉक्टरने फोटो बघितला आणि सरळ सांगितलं, बाई, हे इंजेक्शन तुमच्यासाठी नाही, वेळ गेली, दोन्ही गुडघे बदलायला हवेत. घरात कुणाला सांगायचं नाही, अशी मला शपथ घातली.

मग एका दुपारी तिने उंबरठ्याशी पाट मांडला, तांब्या घेतला आणि खाली बसून बघितलं. गौरीला तुझे पाय धुता येतात की नाही, त्याची तालीम. बसली. पण उठताच येईना. निधी तसल्या अवस्थेत उचलायला धावली, मी ओरडलो, शेवटी मी आणि देवेशने मिळून उठवलं. त्या दिवशी ती खूप रडली. आई जाताना माझ्या लेकीचे पाय तुझ्या हाती असं सांगून गेली होती, तेच घेऊन बसलीय. पाय न धुता कमलला उंबरठा ओलांडायला कसं सांगू, त्यापेक्षा ती माझ्यावर रागावलेली परवडली, म्हणते. मग तुला ते पत्र लिहिलं. मीच पेटीत टाकलं, गाढव मी.

तू ये गो. तिचा काय आयकू नको. मी सांगितलं हे तिला सांगू नकोस. सांगितलंस तरी मी घाबरत नाही. म्हणजे थोडा घाबरतो.

तुझा,
दादा


मुलुंड,
१० सप्टेंबर २०२५

चि. सौ. कमल हिस,
अ. उ. आ.

गणपती गेले, घर एकदम रिकामं झालं. तुझ्या दादाचं पत्र तू मला दाखवलं नाहीस, पण त्याच्या बोटाला शाई होती आणि तो दोन दिवस माझ्याशी फार गोड वागत होता, त्यामुळे मला कळायचं ते कळलंच होतं. त्याला मी काही बोलले नाही. चहात साखर मात्र दोन दिवस घातली नाही.

त्या रविवारी जिन्यात पावलं वाजली तेव्हा मी आतल्या खोलीत होते. पावलं तुझी आहेत हे मी लगेच ओळखलं. एका मजल्यावर थांबलीस, दम खाल्लास, पुन्हा चढलीस. कुणी धरलं नव्हतं तुला, माझे कान सांगत होते. कमल, एकीकडे ऊर भरून येत होता आणि दुसरीकडे वाटत होतं की ही वर पोचूच नये. पोचली की मी काय करणार?

मी दाराशी आले तर तुझ्या दादाने पाट-तांब्या मांडून ठेवलेला. दारात येऊन तू गौर श्रुतिकाच्या हातात दिलीस आणि देवेशला खुर्ची मागितलीस. मला वाटलं, दमलीस. तर ती खुर्ची तू उंबरठ्याच्या आत, पाटाच्या समोर ठेवलीस आणि मला धरून तीत बसवलंस. मग पदर खोचलास आणि त्या पाटावर स्वतः बसलीस. माझे पाय ओढून घेतलेस तेव्हा मी भांडले तुझ्याशी, सगळ्यांदेखत. गौर आणणारीने घरातल्या बाईचे पाय धुवायचे असं कुठे असतं का? तर तू म्हणालीस की माझा गुडघा वाकतो आणि तुझा वाकत नाही, म्हणून यंदा हे असंच. आणि तुझा दादा, जन्मात कधी माझ्या बाजूने न बोललेला, तोही म्हणाला की गप बस. बसले गप.

तू पाणी घातलंस. माझ्या वाकड्या गुडघ्यावरून हात फिरवलास, दुखतं का विचारलंस, आणि मी पहिल्यांदा हो म्हटलं. सगळ्यांसमोर. मग चौकटीला हात लावून तू आपली आपण उठलीस. मी खुर्चीतूनच तांब्या वाकडा करून तुझ्या पायांवर पाणी घातलं, निधीने कुंकू लावलं आणि गौर आत आली. सासूबाईंचा शब्द कसाबसा राहिला.

एक गोष्ट त्या दिवशी बोलता आली नाही, ती लिहिते. इतकी वर्षं मी तुझे पाय धुतले, दरवर्षी तुला माहेर दिलं असं मला वाटायचं आणि त्याचा थोडा अभिमानही होता. पण माझे पाय भाऊ असताना त्याच्या दारात माझी भावजय धुवायची. तो गेला, ती लेकाकडे सुरतेला गेली, घराला कुलूप लागलं. त्यानंतर कुणी माझ्या पायांना पाणी लावलं नव्हतं आणि मी कुणाला सांगितलंही नव्हतं. सांगण्यासारखं ते वाटलंच नाही. त्या दिवशी मी माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसले होते गं, पण तुझे हात पायांना लागले आणि मला तिकडच्या अंगणात आल्यासारखं वाटलं. रडले ती त्यासाठी. तुम्हा सगळ्यांना वाटलं, गुडघा दुखला.

आता कामाचं. माणिकबाईंनी होकार दिलाय. निधीचं बाळंतपण आणि दिवाळी झाली की ऑपरेशन. निधीला सगळं सांगितलं. ती मोडून पडली नाही. उलट, इतके दिवस का लपवलंत म्हणून माझ्यावरच तापली. डॉक्टर बोरिवलीचेच. भीती वाटते, खोटं कशाला सांगू. पण हा आमचा जिना, घरात तान्हं बाळ आणि पाय दोन्ही बांधलेले, म्हणजे परत आल्यावर माझं काही खरं नाही. तुमच्याकडे लिफ्ट आहे.

म्हणून मी ठरवलंय, हॉस्पिटलातून मुलुंडला यायचंच नाही. महिनाभर तुझ्याकडे राहीन. तुझ्या दादाला विचारलेलं नाही, कळवलंय. लोक विचारतील की नणंदेकडे कशाला, तर सांगेन की माहेरपणाला जातेय.

खिडकीजवळची खाट माझ्यासाठी राखून ठेव. पाय धुवायला पाणी कोमट असू दे.

तुझी,
रत्ना
(तुला फारच आवडत असेल तर माणिक)